घरात चौदा माणसं आणि देवापुढे बसायला दोन मिनिटं नाहीत, तुमचं कसं चालतं?

मधलीसून

नमस्कार मंडळी, वर्षभर नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं घर कराडकडचं, एकत्र. आजेसासूबाई, सासू-सासरे, तिघे भाऊ, आम्ही तिघी जावा आणि पाच पोरं, झाले चौदा. दारात दोन म्हशी. सकाळी पाचला उठायचं, चाळीसेक चपात्या, सात डबे, त्यात एकाला बटाटा नको आणि एकाला बटाट्याशिवाय काही नको. सकाळची पूजा मामंजी करतात, अगदी निवांत, अभिषेक वगैरे, कारण त्यांना चहा जागेवर मिळतो (हे इथंच बोलतेय, घरात नाही). संध्याकाळचा दिवा माझ्याकडे.

तर गेल्या गुरुवारी दिवा लावला, हात जोडले, रामरक्षा सुरू केली. दोन श्लोक झाले नाहीत तोवर धाकटीचा लेक "काकीऽ माझा एकच बूट सापडतोय", तिकडं टीव्हीवरून दोघांची मारामारी, आणि दूध उतू चालल्याचा वास. मी डोळे मिटलेले, हात जोडलेले आणि तसंच ओरडले, "अरे गॅस बंद करा कुणीतरी मेल्यांनो!" आणि जिथं थांबले होते तिथून पुढं म्हणायला लागले. आत्याबाई आणि थोरल्या जाऊबाई पोट धरून हसल्या. मीपण हसले, पण रात्री झोपताना वाईट वाटलं हो. माझ्या माहेरी आम्ही तिघंच, आई दिवेलागणीला अर्धा तास हरिपाठ घेऊन बसायची, घरात चिमणी ओरडली तरी ऐकू यायची. ती शांतता मला दहा वर्षांत एकदापण मिळाली नाहीये.

तक्रार नाही करत मी. दोन वर्षांमागं मला डेंग्यू झाला तेव्हा या बायांनी मला पंधरा दिवस पाण्याचा तांब्या उचलू दिला नव्हता, माझी दोन्ही पोरं थोरल्या जाऊबाईंकडं झोपायची आणि धाकटी तर तेव्हा स्वतः पाचव्या महिन्यात होती. त्याबद्दल मनात इतकं आहे ना, पण ते ठेवायचं कुठं? देवापुढं बसून सांगावं म्हटलं तर बूट हरवतो.

ज्यांच्या घरात माणसं भरपूर आहेत त्यांनी सांगा, प्रार्थना कधी करता? की करतच नाही?

निशिगंधा७

"गॅस बंद करा मेल्यांनो" ला हसून हसून मेले, सॉरी :) आमच्याकडे नऊ जण आहेत. मी बाथरूममध्ये म्हणते. खरंच सांगते, अंगावर पाणी घेताना गंगा-यमुनाचा श्लोक आणि मग मारुतीस्तोत्र. कडी लावलेली असते, कुणी हाक मारली तर "अंघोळ करतेय" हे उत्तर चालतं, "प्रार्थना करतेय" हे चालत नाही.

फुलवाला_वसईकर

आम्ही वसईचे कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडं हा प्रश्न उलटा असायचा. प्रार्थना टाळायची कशी, हा. लहानपणी घरात अकरा जण, आजोबा बाबा काका सगळे फुलवाडीत, पहाटेच्या लोकलनं मोगरा दादरला जायचा. त्यामुळे संध्याकाळी सगळे मेलेले असायचे थकून. पण देवळाची घंटा झाली की आजी फोटोपुढं मेणबत्ती लावणार आणि अकराच्या अकरा जणांनी गुडघ्यावर यायचं. रोझरी म्हणजे मरियामातेची जपमाळ, तिची पाच दशकं, प्रत्येक दशकात दहा, म्हणजे पन्नास वेळा नमो मरिया, वर बाकीच्या प्रार्थना. पहिलं दशक सगळे खणखणीत, दुसऱ्यात काका भिंतीला टेकायचा, तिसऱ्यात आम्ही पोरं एकमेकांना चिमटे काढायचो, चौथ्यात बाबांचं घोरणं. आजी एका हातानं माळ ओढायची आणि दुसऱ्या हातानं जो जवळ असेल त्याचा कान. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये गुरुवारसाठी प्रकाशाची रहस्यं (म्हणजे माळ जपताना मनात धरायचे प्रसंग) नवीन जोडली ना, तेव्हा आम्हाला वाटलं रोझरी आणखी लांबली. लांबली नव्हती, गुरुवारचा विषय फक्त बदलला, पण आमचा जीव गेला होता.

पण ताई, तुम्ही म्हणता तसली शांतता आम्हाला पण कधीच नव्हती. शेवटी प्रत्येकानं एक गोष्ट मोठ्यानं सांगायची असायची ज्याबद्दल देवाचे आभार मानायचे. माझा धाकटा भाऊ सलग सात-आठ दिवस "बोंबील" म्हणाला होता. आजीनं एकदाही त्याला दुसरं काही सांग म्हटलं नाही. नंतर आम्ही मोठ्या लहानांच्या पाया पडून, आपलं उलटं, लहान मोठ्यांच्या पाया पडून आशीर्वाद घ्यायचो आणि ताटं वाढली जायची. त्या दिवशी कुणाशी भांडण झालं असेल तर त्याच्यापण पाया पडायला लागायचं, तो माणूस अकरातलाच असायचा, पळणार कुठं.

ठोकळेबाज

देवबिव बाजूला ठेवून सांगतो. एमन्स आणि मॅकलॉ या दोघा मानसशास्त्रज्ञांचा २००३ चा पेपर आहे. विद्यार्थ्यांचे तीन गट केले, एकानं दर आठवड्याला आभार वाटाव्यात अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं कटकटी लिहायच्या, तिसऱ्यानं नुसत्या घडलेल्या गोष्टी. दहा आठवडे. आभारवाल्या गटाला आपल्या आयुष्याबद्दल इतरांपेक्षा बरं वाटत होतं आणि कटकटीवाल्यांपेक्षा ते व्यायामही जास्त करत होते. तर एक वही घ्या, झोपताना तीन ओळी लिहा. शांतता लागत नाही, पेन लागतं.

मधलीसून

@ठोकळेबाज आमच्याकडं पेन आणि बूट एकाच जागी हरवतात. पण मला त्या कटकटीवाल्या गटात टाका, मी दहा आठवड्यांत वही संपवून दाखवते.

@फुलवाला_वसईकर बोंबील!! आमच्या धाकट्यालापण विचारलं आज, तो म्हणाला "मॅगी". रोज मिळत नाही म्हणूनच म्हणाला असणार.

स्पष्टवक्ती

धाग्यावर विरजण घालते, माफी आधीच मागते.

मी अठरा माणसांच्या घरात लग्न करून गेले आणि नऊ वर्षांनी वेगळे झालो. त्या नऊ वर्षांत "एवढं भरलं घर आहे, नशीबवान आहेस, देवाचे आभार मान" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. आणि कधी ऐकायला मिळायचं? तर मी दमलेय म्हटलं की. म्हणजे कृतज्ञता ही माझी प्रार्थना नव्हती, माझ्या तोंडाला लावलेला बोळा होता. सगळ्यांनी जेवून उठायचं, मागं तीन बायकांनी खरकटं काढायचं आणि उरलेली भाजी पुरवून खायची, आणि मग त्यातल्याच एकीनं देवाला सांगायचं की बाबा रे तू खूप दिलंस. मधलीसूनबाई, तुमच्या बाबतीत असं आहे असं म्हणत नाही, डेंग्यूचं वाचून बरं वाटलं. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की मामंजींची पूजा निवांत होते आणि तुमची होत नाही. मग हा प्रश्न देवाचा आहे की चहाचा?

निशिगंधा७

+१००. देवाचा आहे की चहाचा, फ्रेम करून लावते.

अरणकर

स्पष्टवक्ती ताईंचा मुद्दा बरोबर आहे, तरी एक लिहितो. मी माढा तालुक्यातला, आमचं अरण म्हणजे सावता महाराजांचं गाव. महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत असं आमच्याकडं सांगतात, कांद्यामुळ्यातच त्यांना विठाई दिसायची. म्हणून आषाढात पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी अरणला येते, देवच भक्ताकडं. सांगायचं काय तर कामातून उठून वेगळं बसायलाच पाहिजे असं काही नाही. खुरपं चालू असताना नाम चालतं.

स्पष्टवक्ती

दादा, सुंदर आहे हे, मनापासून. पण महाराज मळ्यात असताना घरी भाकरी कोण थापत होतं?

अरणकर

त्यांच्या पत्नी, जनाई. मान्य. आमच्याकडं जनाईंचं नाव लोक घेतात, पण पालखी काही त्यांच्या चुलीपुढं थांबत नाही.

तात्या_मिरजकर

वय ७१. स्पष्टवक्तींचा प्रतिसाद काल दुपारी वाचला आणि झोप लागली नाही म्हणून लिहितोय.

आमच्या वडिलांच्या काळात पंगतीला पंधरा-सोळा पानं असायची. वदनी कवळ व्हायचं, मोठी माणसं ताटाभोवती पाणी फिरवून उजव्या बाजूला चित्राहुती घालायची, मग पहिला घास. आणि जेवण झालं की वडील उठताना "अन्नदाता सुखी भव" म्हणायचे. मला पुष्कळ वर्षं वाटायचं हे देवाला आहे. एकदा विचारलं तर म्हणाले, अरे देव कशाला, हे आपलं आईला, आणि ज्यानं जोंधळा पिकवला त्याला. मग मी नीट बघितलं तर ते म्हणताना ते खरंच स्वयंपाकघराकडं तोंड करायचे. आई आतून काही बोलायची नाही, फक्त भांड्यांचा आवाज क्षणभर थांबायचा.

आता माझं सांगतो. मी हा श्लोक चालू ठेवला, अगदी रोज म्हणतो, पण भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून. आणि बायकोला उद्देशून पंचेचाळीस वर्षांत जेवताना मी जे बोललो त्यातलं बहुतेक "मीठ कमी आहे" यात बसेल. आपल्याकडं घरातल्या माणसाचे आभार मानायची रीत नाही, थँक्यू म्हटलं तर "मी काय परकी आहे का" म्हणून राग येतो, हे खरंय. पण त्याच्या आड आम्ही पुरुष भरपूर लपलो. काल रात्री जेवून झाल्यावर आत जाऊन तिच्यासमोर म्हटलं, अन्नदाता सुखी भव. तिनं विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

निशिगंधा७

तात्या!!! काकूंना नमस्कार सांगा.

ठोकळेबाज

मी नास्तिक आहे पण तात्यांच्या प्रतिसादाला हात जोडले.

खाडीपलीकडची

आम्ही रत्नागिरीकडचे मुसलमान, माहेरी सतरा माणसं, अब्बा आणि दोन चाचा आलटून-पालटून जहाजावर. त्यामुळे घरात कायम कुणीतरी कमी. दस्तरखान अंथरला की दादी आधी बघायची कोण नाहीये, जो समुद्रावर असेल त्याचं नाव घेऊन मगच पहिला घास.

मला एक गोष्ट सांगायची होती, मधलीसून यांना उपयोग होईल. जेवायला सुरुवात करताना बिस्मिल्लाह म्हणायचं असतं, पण एवढ्या पोरांत, ओढाओढीत, मासा कुणाला शेपूट कुणाला, कोणाच्या लक्षात राहतंय? तर आम्हाला शिकवलेलं की विसरलं तर मध्येच जेव्हा आठवेल तेव्हा म्हणायचं, "बिस्मिल्लाहि अव्वलहू व आखिरहू", म्हणजे सुरुवातीलापण अल्लाचं नाव आणि शेवटालापण. झालं, मागचं सगळं त्यात आलं. हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, तशी सोय आहे. लहानपणी मला हे फार आवडायचं. अर्ध्या भाकरीनंतर आठवलं तरी पहिल्या घासापर्यंत मागं पोचतं. आता मी कुर्ल्याला असते, चार पोरं, सासू, दीर, आणि माझं हे रोजच मध्येच असतं, सुरुवातीला कधीच नाही.

मधलीसून

@खाडीपलीकडची ताई, हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन जावांना मोठ्यानं वाचून दाखवलं. धाकटी म्हणाली, मग आपल्या रामरक्षेलापण मध्ये दूध बंद करायची सोय असणार, आपल्याला माहीत नसेल एवढंच.

@स्पष्टवक्ती, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार करतेय. चहाचाच आहे, बराचसा. पण सगळा नाही. उद्या मामंजींनी स्वतःचा चहा केला (करणार नाहीत) तरी माझ्या मनात जे आहे ते तसंच राहतं. मला जावांचे आभार मानायचेत आणि तात्या म्हणतात तसं तोंडावर म्हणता येत नाही, म्हटलं तर त्या मला डॉक्टरकडं नेतील.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या इकडं तोंडावर म्हनायची सोय फक्त बैलाले हाय बाप्पा :) पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते, वर्षभर जू वाहून खांदा सोलवटलेला राहते, त्याले हळद अन् तूप लावून चोळतेत. अन् बैलाले सांगतेत, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आधी बैलाले. माहे आजोबा खांदा चोळता चोळता बैलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटत. मले वाटे मंत्र हाय. एक डाव जवळ जाऊन आयकलं तं म्हनत होते, औंदा लय राबवलं गा तुले, राग नको धरू.

त्याच्यावरून माही माय म्हने, एक दिवस बैल व्हावं मानसानं या घरात. आता आमच्याकडं ट्रॅक्टर हाय, बैलजोडी गेली, पोळ्याले मातीचे बैल पुजतो. पर मागच्या पोळ्याले आम्ही भावांनी खांदेमळणीच्या रात्री मायच्या पायाले तेल चोळून देल्लं. "आज आवतण घ्या" म्हटल्यावर ती रडाले लागली अन् मंग शिव्या देल्ल्या आमाले.

जर्सीतली_जाऊ

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय. मी न्यू जर्सीत, आम्ही तिघंच. मला ती शांतता हवी तेवढी मिळते, देवघर आहे, दिवा आहे, पूर्ण रामरक्षा एका दमात होते, कुणाचा बूट हरवत नाही. आणि गणपतीत सासरची रात्री आठची आरती म्हणजे आमची सकाळची साडेदहा, ऑफिसची मीटिंग म्यूट करून दुसऱ्या फोनवर लावते. तिकडं वीस जण आहेत, कुणाचा सूर कुणाला लागत नाही, झांज वाजवणारा पुतण्या दर कडव्याला वेग वाढवतो, आणि मध्ये कुणीतरी "प्रसादाचं पातेलं कुठाय" म्हणून ओरडतंच. मी ते ओरडणं ऐकायला लावते फोन. बाकी स्पष्टवक्तींशी सहमत, मी तिथं असते तर पातेलं मीच शोधत असते, हेही माहितीये.

फुलवाला_वसईकर

@जर्सीतली_जाऊ हो ना. आजी गेली, काका वेगळे झाले, आता घरात आम्ही चौघं. रोझरी म्हणतो, चौथ्या दशकात घोरायला कुणी नाही. मीच घोरतो आता, बायको सांगते.

मधलीसून

अपडेट देते, आणि लांबणार आहे, कारण लाईट गेलीय आणि पोरं अंगणात आहेत.

आमच्या आजेसासूबाई (आम्ही सगळे बाई म्हणतो) रात्री खाटेवर पडल्या की पुटपुटत असतात. दहा वर्षं मी समजत होते की हरिपाठ. अक्षरओळख नाही त्यांना, पण सत्तावीस अभंग तोंडपाठ. परवा त्यांच्या पायांना मलम लावायला बसले होते, या धाग्यामुळं कान टवकारून ऐकलं. हरिपाठ नव्हता. नावं होती. गोठ्यापासून सुरू, आधी म्हशी, मग मामंजी, आत्याबाई, मग आम्ही सगळे, मग लग्न करून गेलेल्या तिघी लेकी आणि त्यांची पोरं. म्हटलं बाई हे काय म्हणताय? म्हणाल्या, "कडी लावायच्या आत मोजायला नकोत व्हय? कोण आलं, कोण राहिलं." म्हटलं पण लेकी तर त्यांच्या घरी आहेत. तर म्हणाल्या, "मग? त्येंच्या घरची कडी तरी मीच लावती मनातनं." मी मोजलं तर सत्तावीस नावं होतात. आणि माझं नाव माझ्या नवऱ्याच्या आधी येतं, ही माहिती मी योग्य वेळी वापरणार आहे.

तर मी आता असं सुरू केलंय. संध्याकाळच्या भाकरी माझ्याकडं असतात, बत्तीस. एका भाकरीला एक नाव. थापताना त्या माणसाबद्दल जे मनात येईल ते, शब्द नाहीत ठरवलेले. थोरल्या जाऊबाईंच्या भाकरीला डेंग्यू आठवतो. ज्याच्याशी त्या दिवशी भांडण असेल त्याची भाकरी जाड होते, हे धाकटीनं पकडलं, आता ती ताटात जाड भाकरी आली की विचारते, "ही कुणाची हो?" काल मामंजींच्या पानात गेली. बिचारे मुकाट्यानं खात होते.

अजून एक. सोमवारपासून दिवेलागणीला दहा मिनिटं गॅसपाशी पुरुषांपैकी एकानं उभं राहायचं, हे थोरल्या जाऊबाईंनी परस्पर जाहीर केलं, मी धागा वाचून दाखवला त्याचा परिणाम. सोमवारी आमचे हे उभे होते, दूध उतू गेलं. मंगळवारी भाऊजी, ते मोबाईल बघत होते, तरी नाही गेलं. रामरक्षा अजून एकदापण पूर्ण झालेली नाही, काल जवळजवळ झाली होती.

स्पष्टवक्ती

थोरल्या जाऊबाईंना माझा साष्टांग. जाड भाकरी पुन्हा मामंजींकडं जाऊ द्या.

ठोकळेबाज

गणित करतो. बत्तीस भाकरी, चौदा माणसं, दोन फेऱ्या म्हणजे अठ्ठावीस. चार उरतात. त्या कुणाच्या नावच्या?

मधलीसून

एक कुत्र्याची, ती नावानिशी त्याचीच असते. एक माझ्या आईची, ती तिकडं एकटीच अर्धी भाकरी खाते. एक बाईंच्या तिघी लेकींची मिळून. चौथीचं अजून ठरलं नाही, बहुतेक वेळा तोवर कुणीतरी हाक मारतं आणि ती करपते.

वऱ्हाडी_ठेचा

करपलेली बैलाले द्या :)

मधलीसून

म्हशी आहेत हो, बैल नाहीत. लाईट आली. बूट हरवलाय, जाते.